डिस्कसची टाकी जैन घरात शोभत नाही



आज जरा कडक लिहिणार आहे. कुणाला राग आला तर येऊ द्या, पण शेवटपर्यंत वाचा आणि मग भांडा.

आपल्या नागपुरात सध्या नवीन फ्लॅट घेतला की देवघराआधी माशांच्या टाकीची जागा ठरते. वास्तुवाले ईशान्य कोपरा दाखवतात, इंटिरिअरवाला भिंतीत काच बसवून देतो, आणि वास्तुशांतीला आलेल्या बाया पूजेपेक्षा टाकीसमोर जास्त वेळ उभ्या असतात. आधी गोल्डफिश असायचे. आता हौस वाढली आहे, डिस्कस हवा. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते: बशीसारखा गोल, चपटा मासा. निळा, लाल, पिवळा, ठिपक्यांचा. पूर्ण वाढला की जवळपास वीतभर होतो. मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अमेझॉनच्या खोऱ्यातला. शौकीन लोक त्याला टाकीचा राजा म्हणतात, आणि किंमतही राजासारखीच, नगामागे हजारांत.

त्यातच आमच्या महिला मंडळाच्या ग्रुपवर सरकारी योजनेची माहिती फिरली. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत घराच्या अंगणात शोभेचे मासे वाढवायला अनुदान मिळतं. सर्वसाधारण गटाला ४० टक्के, महिलांना ६० टक्के. "खाण्याचे मासे थोडेच आहेत, शोभेचे आहेत. घरबसल्या उद्योग होईल, पापही नाही," असा निरोप आला आणि खाली पंधरावीस अंगठे पडले. ते अंगठे पाहून मी हा लेख लिहायला बसले.

माझं म्हणणं एवढंच आहे. डिस्कस घरात आणला की श्राविकेपुढे दोनच वाटा उरतात. एक, त्याला जगवण्यासाठी दुसरे जीव मारून आणायचे. दोन, त्याला उपाशी ठेवायचं. दोन्ही वाटा आपल्या धर्मानं बंद केल्या आहेत. म्हणून तो आणायचाच नाही.

आता सविस्तर सांगते.

दशलक्षणात रोज तत्त्वार्थसूत्राचा एक अध्याय होतो. सातव्या दिवशी, उत्तम तपाच्या दिवशी, सातवा अध्याय. त्यात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार येतात. बंध म्हणजे बांधून ठेवणं, वध म्हणजे मारहाण, छेद म्हणजे अवयव कापणं, अतिभारारोपण म्हणजे झेपणार नाही एवढं ओझं लादणं, आणि अन्नपाननिरोध म्हणजे खाणंपिणं तोडणं. आपण दरवर्षी ऐकतो, हात जोडतो, घरी येतो. यातला पहिला शब्द बघा. बंध. पूज्यपादांनी सर्वार्थसिद्धीत त्याचा अर्थ सांगितला आहे: जीवाला जिथे जायचं आहे तिथे जाण्यापासून अडवणं. त्याला दोरी लागत नाही, साखळी लागत नाही. काच पुरते.

यावर मला एका मैत्रिणीनं लगेच विचारलं, "मग गाय बांधतो ते काय?" चांगला प्रश्न आहे. पंडित आशाधरांनी सागारधर्मामृतात गाईबैलांचासुद्धा विचार केला आहे. व्रती श्रावकानं गुरांवर पोट भरणं सोडावं. ठेवलीच तर न बांधता ठेवावी. बांधायचीच वेळ आली तर निर्दयपणे बांधू नये. म्हणजे गाईच्या दाव्यालासुद्धा नियम आहे, ते सैल करता येतं, संध्याकाळी सोडता येतं, चरायला नेता येतं. काचेची टाकी सैल कशी करणार? दर रविवारी डिस्कसला फिरवून आणणार आहात का?

आता खाण्याकडे येऊ. दुकानदार सांगतो, "ताई, याचं फूड पूर्ण व्हेज आहे." मी नात्यातल्या एका घरी तो डबा हातात घेऊन मागचं बारीक अक्षर वाचलं. पहिलाच घटक फिश मील, म्हणजे वाळवून दळलेले मासे. त्याखाली कोळंबीची पूड. पुढे शेवटी कुठेतरी स्पिरुलिना, आणि डब्यावरचं हिरवं चित्र मात्र त्या स्पिरुलिनाचं. आपण बिस्किटाचा पुडा उलटून अंड्याचा अंश शोधणाऱ्या बाया, आणि हा डबा कुणी उलटूनही पाहिला नव्हता.

हे तर सौम्य झालं. डिस्कस लवकर वाढावा, रंग खुलावा म्हणून जगभरचे शौकीन त्याला काय देतात ते माहीत आहे का? बैलाचं हृदय. चरबी, शिरा काढून, मिक्सरमधून बारीक करून, चपट्या पिशव्यांत भरून फ्रीजरमध्ये गोठवतात आणि रोज एक तुकडा मोडून घालतात. गाईबैल नको म्हणणारे त्याच कृतीत दुसऱ्या जनावराचं किंवा पक्ष्याचं हृदय घालतात. सोबत गोठवलेल्या लाल अळ्या, ब्लडवर्म, चॉकलेटच्या वडीसारख्या कप्प्याकप्प्यांत. आणि जिवंत ट्युबिफेक्स, ते लाल केसासारखे किडे, पाण्यात वळवळणारे. मी ज्या घराचं सांगते आहे तिथे या अळ्यांचं पाकीट फ्रीजरमध्ये मटाराच्या पिशवीला टेकून ठेवलेलं होतं. त्या घरात कांदालसूण येत नाही. चौमासात हिरवी भाजी येत नाही. आणि फ्रीजरमध्ये ते पाकीट.

उद्योग करणाऱ्यांचा हिशोब तर आणखी वेगळा. अंडी फुटल्यावर पिल्लं मोठी करायला आर्टेमिया लागतो, मिठाच्या पाण्यातला बारीक जीव. त्याची सुकी अंडी डब्यात मिळतात. एका ग्रॅममध्ये २ लाखांहून जास्त अंडी असतात. ती रोज पाण्यात घालून उबवायची, जीव बाहेर आला की पिल्लांपुढे ओतायचा. चमचाभर अंडी म्हणजे किती त्रस जीव, हा गुणाकार तुम्हीच करा. आणि तो एका सकाळचा झाला.

कुणी म्हणेल, हा मासाच हिंस्र, त्याला आपण काय करणार? तेही खरं नाही. अमेझॉनच्या पाण्यात डिस्कस मुख्यतः बुडालेल्या फांद्यांवरचं शेवाळ आणि कुजलेला पाला खातो, त्याबरोबर पाण्यातले बारीक किडे. हृदयाचा खिमा त्याला नदीनं शिकवला नाही, माणसाच्या घाईनं शिकवला. मग शेवाळावरच ठेवू म्हणाल, तर टाकीत ती नदी नाही, त्या फांद्या नाहीत. नुसत्या हिरव्या गोळ्यांवर पिल्लू खुंटतं, कपाळावरून बारीक होतं, काळवंडतं. म्हणजे झाला पाचवा अतिचार, अन्नपाननिरोध. खायला घातलं तर एक दोष, नाही घातलं तर दुसरा. या पेचातून सुटायची एकच जागा आहे, ती म्हणजे दुकानाचा उंबरठा. तो ओलांडू नका.

आता पाणी. आपल्या आज्या पाणी दुहेरी कापडातून गाळायच्या आणि गाळण्यावर राहिलेले जीव, ती जिवाणी, परत त्याच विहिरीत अलगद सोडायच्या. बादली उलटून ओतायच्या नाहीत, त्यांना खाली पाण्यापर्यंत पोचवायच्या. डोळ्याला न दिसणाऱ्या जीवाला त्याचं घर परत मिळालं पाहिजे, एवढा विचार. आणि आपण डोळ्यासमोर फिरणाऱ्या पंचेंद्रिय जीवाला त्याच्या घरापासून अर्ध्या पृथ्वीएवढं लांब आणून ट्यूबलाईटखाली ठेवतो आणि त्याला जीवदया म्हणतो.

डिस्कस एकटा राहत नाही, निदान सहा लागतात. सहांना साधारण ३०० लिटरची टाकी. त्याला २८ ते ३० अंशांचं, मऊ आणि किंचित आम्ल पाणी हवं. माशाच्या विष्ठेतून अमोनिया होतो, तो विषारी. त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जीवाणू फिल्टरमध्ये तयार व्हायलाच महिना दीड महिना जातो. पुष्कळ जण तेवढं थांबत नाहीत. आधी स्वस्तातले चारदोन मासे सोडतात, ते जगले तर महागडे आणतात. त्या स्वस्त माशांना काय म्हणायचं, हे तुम्हीच ठरवा. मला तरी बळी हाच शब्द सुचतो.

नंतरही आठवड्यातून दोनदा निम्मं पाणी बदलायचं म्हटलं तर आठवड्याला ३०० लिटर, वर्षाला १५ हजार लिटरच्या वर. आपल्या नळाला पेंचचं पाणी येतं, त्यात क्लोरीन. ते माशाचे कल्ले जाळतं, म्हणून अँटी-क्लोरीन टाका. बोअरचं पाणी जड, म्हणून आरओ लावा आणि जेवढं गाळाल त्याहून जास्त मोरीत सोडा. अंघोळीला एक बादली पुरे म्हणणारा आपला संयम टाकीपाशी कुठे जातो?

आणि हवा तर आपल्याला माहीतच आहे. मे २०१३ मध्ये नागपूरनं ४७.९ अंश पाहिले. डिसेंबर २०१८ मध्ये ३.५ अंश. जो जीव पिढ्यान् पिढ्या एकसारख्या कोमट पाण्यात राहिला, त्याला हे दोन्ही दाखवायचे. थंडीत हीटर, उन्हाळ्यात चिलर, वर एअर पंप, आणि सगळं विजेवर. मे महिन्यात दुपारी लाईट गेली की कूलर बंद पडून आपला जीव कासावीस होतो, आपण निदान गच्चीच्या जिन्यात जाऊन बसतो. पाणी जितकं तापतं तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात आणि मुलं म्हणतात, "मम्मी बघ, मासा बोलतोय."

माझ्याशी वाद घालणाऱ्या बायांचे मुद्दे मी टाळणार नाही.

पहिला मुद्दा धर्मातलाच आहे. तीर्थंकरांच्या मातेच्या सोळा स्वप्नांत मीनयुगल आहे, अरनाथ भगवानांचं लांछन मत्स्य आहे, मग मासा घरात अशुभ कसा? मी अशुभ म्हटलंच नाही. मातेच्या स्वप्नातलं ते युगल सरोवरात क्रीडा करत असतं. मोकळं असतं म्हणून तर ते सुखाचं चिन्ह. टाकीत कोंडलेली जोडी कुठल्याच मातेनं स्वप्नात पाहिलेली नाही. लांछनाचं म्हणाल तर सिंह, हत्ती, बैल ही पण लांछनं आहेत. कुणी भगवान महावीरांच्या भक्तीपायी गॅलरीत सिंह ठेवला आहे का?

दुसरा मुद्दा, "आपण कुठे मारतो? मारणारा दुकानदार, आपण फक्त पाकीट आणतो." पाठशाळेत तंदुल मत्स्याची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. महामत्स्याच्या कानात राहणारा तांदळाएवढा मासा. एकही जीव मारत नाही, मारूच शकत नाही. नुसता मनात म्हणतो, एवढे जीव तोंडात येताहेत आणि हा सोडून कसा देतो! तेवढ्यावर सातव्या नरकात जातो. आपण तर नुसतं मनात म्हणत नाही, पैसे मोजतो. करणं, करवणं आणि अनुमोदन, तिन्हींचा हिशोब आपल्याकडे वेगळा नसतो.

तिसरा मुद्दा उद्योगाचा. "श्रावकाला उद्योगी हिंसा माफ आहे." माफ नाही, टळत नाही म्हणून सहन केलेली आहे, आणि तीही योग्य व्यवसायात. पोटापाण्याला हा एकच धंदा उरला आहे अशी आपल्या मंडळात एकही बाई नाही. बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात पैशासाठी पोपट, मैना, मांजर, कुत्रा, कोंबडा, मोर पोसण्याला असतीपोषण म्हटलं आणि पंधरा कर्मादानांत घातलं. आपल्या दिगंबर परंपरेत कार्तिकेयानुप्रेक्षेनं मांजरासारखे हिंस्र प्राणी पाळणं अनर्थदंडात धरलं. दोन्ही परंपरा इथे एका बाजूला उभ्या आहेत. सरकारनं ६० टक्के अनुदान दिलं म्हणून कर्मादान ४० टक्क्यांवर येत नाही. पापड, लोणची, शिवणकाम, मुलांचे क्लासेस, ऑनलाईन साड्या, आपल्या बायांनी काय काय उभं केलं आहे! त्यात हे कशाला?

चौथा मुद्दा सगळ्यात गोड आहे, म्हणून सगळ्यात फसवा. "मुलांना जीवदया शिकायला मिळते. हा मासा किती मायाळू आहे माहीत आहे का, पिल्लांना अंगावर पाजतो." ते खरं आहे. डिस्कसच्या आईच्या आणि बापाच्याही अंगावर दाट चिकट स्राव सुटतो आणि पिल्लं सुरुवातीचे आठवडे त्यावरच वाढतात. २०१० साली इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की पिल्लांच्या वेळी त्या स्रावातली प्रथिनं आणि रोगाशी लढणारी द्रव्यं वाढतात, अगदी आपल्या दुधासारखी, आणि तीनेक आठवड्यांनी आईबाप हळूहळू पिल्लांना तोडू लागतात. मैत्रिणींनो, हे वाचून माझे डोळे भरून आले. पण मग पुढचंही वाचलं. व्यापारी पैदाशीत पिल्लं लवकर वेगळी काढतात, जोडी पुन्हा अंडी घालायला मोकळी व्हावी म्हणून. जिनं लेकराला अंगावर पाजलं आहे, तिनं या धंद्यावर अंगठा दाखवावा?

आणि मुलं काय शिकतात? आवडलेली गोष्ट विकत घेऊन कोंडून ठेवायची, हे. मासा मेला की संडासात फ्लश करून दुसरा आणायचा, हे. जीवदया शिकवायची असेल तर मृगसेन धीवराची गोष्ट सांगा. मुनिराजांकडून एकच नियम घेतला, जाळ्यात येणारा पहिला मासा सोडायचा. ओळखीसाठी चिंधी बांधून सोडला, आणि तोच मासा पाच वेळा जाळ्यात आला. पाचही वेळा सोडला. रिकाम्या हातानं घरी गेला तर बायकोनं दार लावून घेतलं. ज्याचं पोट माशावर होतं त्यानं पाच वेळा सोडला. आपलं तर फक्त हॉलची भिंत सजवायचं काम आहे.

आपण जैन नसतो तरी एक गोष्ट लाजवणारी आहे. इटलीतल्या रोम शहरानं २००५ साली गोल काचेच्या भांड्यात गोल्डफिश ठेवायला बंदी केली. मांसाहार करणारं शहर ते. आपल्याकडे केंद्र सरकारनं २०१७ साली माशांच्या टाक्यांसाठी आणि दुकानांसाठी नियम काढले आणि पुढे ते मागेही घेतले. कायद्यानं हात काढून घेतला म्हणजे व्रतानं काढला असं होत नाही.

ज्यांच्या घरी टाकी आधीच आहे, त्यांनी काय करायचं? हेही स्पष्ट सांगते, कारण आपल्यात उत्साहाच्या भरात उलटंच होतं. मासे फुटाळ्यात किंवा अंबाझरीत सोडून येऊ नका. ते अभयदान नाही. डिस्कस थंडीच्या पाण्यात तडफडून मरेल, आणि दुसरा एखादा चिवट परदेशी मासा असेल तर तो जगून तळ्यातल्या देशी माशांच्या जिवावर उठेल. उजनीच्या जलाशयात टाक्यांतले सकर मासे कोळ्यांच्या जाळ्यात येताहेत ते असेच कुणाच्या तरी दयेनं पोचले. दुकानातून मासे विकत घेऊन "सोडवू" पण नका. तुम्ही दहा घेतले की तो वीस मागवतो. ज्याच्याकडे मोठी टाकी आणि अनुभव आहे अशा माणसाकडे ते द्या. तसं कुणी मिळालं नाही तर असलेल्यांना हेळसांड न करता शेवटपर्यंत सांभाळा, दहा वर्षंही जगतात ते. पण नवीन एकही आणू नका, जोडी लावू नका, पिल्लं काढू नका. टाकी रिकामी झाली की तिथे पुस्तकं ठेवा.

मुलांना मासे बघायचेत? रामटेकला शांतिनाथ भगवानांच्या दर्शनाला जाताच ना आपण, येताना अंबाळा तलावाच्या पायऱ्यांवर अर्धा तास बसवा. पाण्यात सावली हलली की मासा कसा पळतो, हवं तिकडे पळतो, ते बघू द्या. वैशाखात गच्चीत पक्ष्यांना मातीच्या भांड्यात पाणी ठेवायचं काम त्यांच्याकडे द्या. येतील ते येतील, उडतील ते उडतील. जीवदयेचा अभ्यास तिथे होतो.

आणि मंडळाच्या पुढच्या बैठकीत तो योजनेचा विषय निघणार आहे. मी विरोधात हात वर करणार आहे, एकटी असले तरी. तुम्ही माझ्याबरोबर हात वर केला नाही तरी चालेल, पण या चातुर्मासात एक छोटा नियम घ्या: शोभेसाठी कुठलाही जीव विकत घेणार नाही, भेट देणार नाही, भेट म्हणून स्वीकारणार नाही. वास्तुशांतीला कुणी टाकी घेऊन आलंच, तर दारातच हात जोडून नम्रपणे परत करा. त्यांना वाईट वाटेल. वाटू द्या.

जय जिनेंद्र.